औषध आधी, व्याधी नंतर : बालकांतील अतिचंचलतेच्या संशोधनाचा इतिहास

प्रस्तावना

चंचल मुलासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अवखळ, खोडकर, द्वाड, वांड, उनाड अशी विशेषणे घरोघरी वापरली जातात. एका जागी न ठरणाऱ्या मुलाच्या पायाला भिंगरी लागली आहे, असेही म्हटले जाते. यशोदेने कृष्णाला उखळाला बांधल्याची कथा कीर्तनकार रंगवून सांगतात तेव्हा श्रोत्यांना त्यात रोग दिसत नाही, लीला दिसते. यांपैकी एकही शब्द वैद्यकाचा नाही. त्यांत राग आहे, कौतुक आहे, कंटाळा आहे, निदान नाही. विसाव्या शतकात या मुलांपैकी काहींची रवानगी घराच्या उंबरठ्यावरून रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात झाली आणि त्यांच्या वागणुकीला 'अवधान-न्यूनता अतिचंचलता विकार' असे नाव मिळाले. हे स्थलांतर कसे घडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वैद्यकाच्या इतिहासाचा एक परिचित क्रम असतो. रोगाची लक्षणे नोंदली जातात, कारणाचा शोध लागतो आणि अखेरीस उपाय सापडतो. देवी, पटकी, क्षय यांचा इतिहास थोड्याफार फरकाने या क्रमाने मांडता येतो. अतिचंचलतेच्या बाबतीत हा क्रम बऱ्याच अंशी उलटा आहे. १९३७ मध्ये एक औषध योगायोगाने हाती आले आणि त्या औषधाचा उपयोग नेमका कोणत्या व्याधीवर होतो, हे ठरविण्यात पुढील सुमारे चार दशके गेली. मात्र एवढ्यावरून ही व्याधी औषध कंपन्यांनी रचलेली आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. औषधाने व्याधीची व्याख्या घडविली हे खरे आहे; या मुलांचे हाल औषधापूर्वीही होत होते, हेही तितकेच खरे आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी मानल्यामुळे या विषयावरील चर्चा वारंवार भरकटत गेली आहे.

औषधापूर्वीची वर्णने

स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ मध्ये मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधानाच्या दोषांवर एक प्रकरण लिहिले. कोणत्याही एका विषयावर मन स्थिर न राहण्याची अवस्था जन्मजात असू शकते आणि शिक्षणाच्या काळात ती प्रकर्षाने जाणवते, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. फ्रँकफर्टचे वैद्य हाइनरिख हॉफमन यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी एक चित्रकथासंग्रह तयार केला. पुढे याच संग्रहातून सर्वांच्या परिचयाचा झालेला चुळबुळ्या फिलिप जेवणाच्या टेबलाशी स्वस्थ बसत नाही आणि शेवटी टेबलावरील कापडासह सारे जेवण खाली ओढतो. या विकाराच्या इतिहासात फिलिपचा उल्लेख आवर्जून केला जातो. तथापि ती बोधकथा आहे, रुग्णवृत्तान्त नव्हे. हॉफमन पुढे मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, एवढ्यावरून त्यांच्या विनोदी पद्यात निदान शोधणे म्हणजे आजचा चश्मा कालच्या डोळ्यांवर चढविणे होय.

जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांच्याविषयीही काहीसे असेच म्हणावे लागते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १९०२ साली दिलेली त्यांची तीन व्याख्याने अनेक पाठ्यपुस्तकांत या विकाराचा वैज्ञानिक आरंभ म्हणून नोंदविली जातात. स्टिल हे इंग्लंडमधील बालरोगशास्त्राचे आद्य प्राध्यापक. त्यांनी ४३ मुलांची वर्णने दिली. त्यांपैकी २० मुलांची बुद्धी सामान्य होती आणि या वीसांत १५ मुलगे व ५ मुली होत्या. परंतु स्टिल यांचा विषय चंचलता हा नव्हता; 'नैतिक नियंत्रणाचा अभाव' हा होता. खोटे बोलणे, चोरी, क्रौर्य आणि अनावर संताप यांचेच त्यांच्या वर्णनांत प्राबल्य आहे. त्यांतील बरीच मुले आजच्या निकषांत बसणार नाहीत. त्यांचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. संस्कारांत उणीव नसताना आणि बुद्धी शाबूत असतानाही मुलाला स्वतःला आवरता येत नाही, याचा अर्थ दोष शरीरात असू शकतो, हा विचार त्यांनी प्रतिष्ठित व्यासपीठावरून मांडला. दुर्वर्तनाची जबाबदारी मुलाच्या इच्छेवरून त्याच्या मज्जासंस्थेकडे सरकण्याची ती सुरुवात होती.

या विचाराला पुष्टी मिळाली ती एका साथीमुळे. १९१७ मध्ये व्हिएन्नाचे कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो यांनी वर्णिलेल्या निद्राळू मस्तिष्कदाहाची साथ पुढील दशकभर युरोप व अमेरिकेत राहिली. त्यातून वाचलेली अनेक मुले पूर्वीची राहिली नाहीत. काल-परवापर्यंत शांत असलेली मुले अस्वस्थ, आक्रमक आणि अनावर झाल्याचे पालकांनी सांगितले. मेंदूला इजा झाली की स्वभाव बदलतो, याचा हा ढळढळीत पुरावा होता. मात्र पुढे या पुराव्याचे टोक उलटे धरण्यात आले. इजेमुळे अस्वस्थता येते, यावरून जेथे अस्वस्थता तेथे इजा असलीच पाहिजे, असे गृहीत धरले जाऊ लागले.

औषधापूर्वीच्या काळातील सर्वांत काटेकोर संशोधन बर्लिनमध्ये झाले. शारिते रुग्णालयातील फ्रान्झ क्रामर आणि हान्स पोल्नो यांनी १९३२ मध्ये बालवयातील 'अतिगतिक विकारा'वर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी अभ्यासलेली मुले क्षणभरही स्थिर राहत नसत. खोलीत धावत, उंचावर चढत, हाती येईल ती वस्तू हाताळून टाकून देत. हालचालींना उद्दिष्ट नसे. हा त्रास तीन-चार वर्षांच्या सुमारास सुरू होतो, सहाव्या वर्षाच्या आसपास शिगेला पोहोचतो आणि पुढे अनेकांत ओसरतो, असे त्यांनी नोंदविले. मस्तिष्कदाहाच्या परिणामांहून हा विकार वेगळा आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. या संशोधनाला पुढचे प्रकरण मिळाले नाही. दोघेही ज्यू वंशाचे होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर पोल्नो फ्रान्सला गेले, तर क्रामर यांनी १९३८ मध्ये नेदरलँड्समध्ये आश्रय घेतला. पोल्नो यांना पुढे गेस्टापोने पकडले आणि १९४३ मध्ये माउथहाउझेन छळछावणीत त्यांचा अंत झाला. ज्या वर्णनावर या विषयाची इमारत उभी राहू शकली असती, ते जर्मन नियतकालिकाच्या पानांत पडून राहिले आणि विषयाचे केंद्र अमेरिकेकडे सरकले. ज्ञानाच्या वाटचालीत राजकारण किती खोलवर हस्तक्षेप करते, याचे हे उदाहरण मानसशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

ब्रॅडले होम, १९३७

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे एमा पेंडलटन ब्रॅडले होम ही संस्था १९३१ मध्ये सुरू झाली. तिच्यामागे एका कुटुंबाचे दुःख होते. जॉर्ज लोथ्रॉप ब्रॅडले या धनिक गृहस्थांची एकुलती एक कन्या एमा हिला वयाच्या सातव्या वर्षी मस्तिष्कदाह झाला आणि तिला कायमचे अपंगत्व आले. अशा मुलांसाठी देशात योग्य रुग्णालय नाही, हे पित्याला कळून चुकले. आपल्या मृत्यूनंतर मालमत्तेतून असे रुग्णालय उभारावे, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली. मज्जाविकार आणि वर्तनविकार असलेल्या मुलांसाठीच असलेले हे देशातील पहिले रुग्णालय होय. मुले तेथेच राहत, तेथेच शिकत. परिचारिका, वैद्य आणि शिक्षक दिवसभर त्यांच्या सहवासात असत. या व्यवस्थेचे महत्त्व पुढे दिसून आले. बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटे पाहून जे लक्षात आले नसते, ते येथे वर्गातील शिक्षकांच्या लक्षात आले.

जॉर्ज ब्रॅडले यांच्या नात्यातीलच डॉ. चार्ल्स ब्रॅडले या संस्थेचे संचालक झाले. मुलांच्या मेंदूत काही रचनात्मक दोष आहे काय, हे पाहण्यासाठी त्या काळी एकच क्ष-किरण पद्धत उपलब्ध होती. पाठीच्या कण्यातून सुई घालून मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढून घ्यावयाचा, त्याजागी हवा भरावयाची आणि मग डोक्याचे चित्र घ्यावयाचे, अशी ती पद्धत होती. तपासणीनंतर मुलांचे डोके असह्य दुखत असे. शरीराने काढलेला द्रव पुन्हा तयार केला की वेदना कमी होईल, असा ब्रॅडले यांचा तर्क होता. द्रवनिर्मितीला चालना मिळावी म्हणून त्यांनी उपलब्ध उत्तेजकांपैकी सर्वांत प्रभावी असे बेन्झेड्रिन देऊन पाहिले. हे ॲम्फेटामिनचे व्यापारी नाव होय. लाझार एडेलेआनू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये बर्लिन येथे ॲम्फेटामिन प्रथम तयार केले होते. त्यानंतर अर्धशतक ते जवळजवळ बिनकामाचे पडून होते. नंतर स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच ही कंपनी त्याला बाजारपेठ शोधत होती.

डोकेदुखी फारशी थांबली नाही. शिक्षक मात्र वेगळीच गोष्ट सांगू लागले. औषध घेतलेली काही मुले वर्गात मन लावून बसू लागली होती, गणिते पुरी करू लागली होती. मुलांनीही हा बदल ओळखला आणि त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले. अतिचंचलतेवरील आजच्या उपचाराचा उगम असा फसलेल्या डोकेदुखीच्या औषधात आहे.

ब्रॅडले यांनी हा योगायोग सोडून दिला नाही. पाच ते चौदा वर्षे वयाच्या ३० मुलांची त्यांनी निवड केली. त्यांत २१ मुलगे आणि ९ मुली होत्या, आणि सर्वांची बुद्धी सामान्य होती. एक आठवडा औषधाविना निरीक्षण, दुसरा आठवडा रोज सकाळी बेन्झेड्रिन आणि तिसरा आठवडा पुन्हा औषधाविना, अशी त्यांची योजना होती. १९३७ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३० पैकी १४ मुलांच्या शालेय कामात लक्षणीय सुधारणा पहिल्याच दिवशी दिसली आणि औषध थांबताच ती नाहीशी झाली. निम्म्या मुलांच्या वागण्यात शांतपणा आला. आजच्या दृष्टीने या प्रयोगात उणिवा आहेत. तुलनेसाठी निष्क्रिय गोळी दिलेला गट नव्हता. कोणाला काय दिले आहे हे निरीक्षकांना ठाऊक होते. शिवाय ही मुले एकाच निदानाची नव्हती; अपस्माराने ग्रस्त मुलांपासून अतिभिडस्त आणि आक्रमक मुलांपर्यंत सर्व त्यांत होती. नेमकी हीच बाब इतिहासदृष्ट्या महत्त्वाची आहे. ब्रॅडले यांनी अतिचंचलतेवर औषध शोधले नव्हते. त्यांनी एक औषध दिले आणि ते कोणाला लागू पडते ते पाहिले.

उत्तेजक द्रव्याने मूल शांत व्हावे, याचे स्वतः ब्रॅडले यांनाही आश्चर्य वाटले. हा परिणाम 'विरोधाभासी' आहे, असे त्यांनी लिहिले. या एका शब्दाने पुढे फार मोठा घोळ घातला.

विस्मरणाची वीस वर्षे आणि एक चक्राकार तर्क

एवढा नाट्यमय शोध दोन दशके जवळजवळ दुर्लक्षित राहिला. त्या काळी अमेरिकी मनोवैद्यकावर मनोविश्लेषणाचा पगडा होता. मुलाचे वागणे हे मातापित्यांशी असलेल्या संबंधांतील संघर्षाचे प्रकटीकरण मानले जात असे आणि त्यावर गोळी देणे हे लक्षण दडपण्यासारखे वाटत असे. ब्रॅडले १९४८ मध्ये ऑरेगॉन राज्यात निघून गेले.

दरम्यान आल्फ्रेड स्ट्राउस हे जर्मनीतून आलेले वैद्य आणि त्यांच्या सहकारी लॉरा लेटिनेन यांनी १९४७ मध्ये मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यांचा उपाय औषधाचा नव्हता. मुलाचे चित्त विचलित होऊ नये म्हणून भिंतींवर चित्रे नसावीत, खिडक्यांच्या काचा झाकाव्यात, विद्यार्थी मोजके असावेत आणि शिक्षिकेने दागिने घालू नयेत, अशी त्यांची शिफारस होती. वर्गाची रचना हाच उपचार, ही कल्पना आजही विचार करण्याजोगी आहे. परंतु ती खर्चिक होती. स्ट्राउस यांच्या विचारसरणीतून मागे राहिला तो एक तर्क. मुलाचे वागणे मेंदूची इजा झालेल्या मुलासारखे असेल, तर इजेचा पुरावा सापडो वा न सापडो, ती आहे असे समजावे. यातून 'अल्पतम मेंदू-इजा' ही संज्ञा रूढ झाली. वागण्यावरून इजा सिद्ध करावयाची आणि इजेवरून वागण्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे, हे चक्र उघड होते. १९६२ मध्ये ऑक्सफर्ड येथे जमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने 'इजा' हा शब्द वगळून 'अल्पतम मेंदू-कार्यदोष' हा शब्द सुचविला. शब्द बदलला, पुरावा होता तेवढाच राहिला.

विरोधाभासाचा तर्क याच चक्रात येऊन मिळाला. निरोगी मनुष्य उत्तेजकाने उत्तेजित होतो, हे मूल शांत झाले, म्हणून याचा मेंदू वेगळा आहे, अशी ती मांडणी होती. औषधाचा गुण आला की निदान पक्के, असे मानण्याकडे कल वाढला. ब्रॅडले होममध्येच मॉरिस लॉफर, एरिक डेनहॉफ आणि जेराल्ड सॉलोमन्स यांनी १९५७ मध्ये 'अतिगतिक आवेग विकारा'ची मांडणी केली आणि त्याचे कारण मेंदूच्या अंतर्भागातील बिघाडात शोधले. वीस वर्षांपूर्वी ज्या इमारतीत औषध सापडले, त्याच इमारतीत त्याला व्याधी मिळाली, असे म्हणता येईल.

रिटालिन आणि शिक्षकाची प्रश्नावली

स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन यांनी १९४४ मध्ये मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांची पत्नी मार्गारीट हिला रिटा म्हणत. औषधाचे रिटालिन हे नाव तिच्यावरूनच आले. १९५४ मध्ये ते बाजारात आले ते थकवा आणि औदासीन्य यांवरील औषध म्हणून. मुलांच्या वर्तनविकारांसाठी त्याला अमेरिकेत १९६१ मध्ये मान्यता मिळाली आणि त्यानंतर त्याची खरी बाजारपेठ उघडली.

बॉल्टिमोर येथील लिऑन आयझेनबर्ग आणि कीथ कॉनर्स यांनी १९६० च्या दशकात सरकारी अनुदानावर नियंत्रित चाचण्या केल्या. ब्रॅडले यांच्या प्रयोगात नसलेला निष्क्रिय गोळीचा तुलनात्मक गट आता आला. या काळातील सर्वांत दूरगामी साधन मात्र गोळी नव्हते, प्रश्नावली होती. कॉनर्स यांनी १९६९ मध्ये शिक्षकांसाठी मूल्यमापन-श्रेणी प्रसिद्ध केली. मूल जागेवर बसते काय, इतरांच्या कामात व्यत्यय आणते काय, हाती घेतलेले काम पुरे करते काय, अशा प्रश्नांवर शिक्षकाने खूण करावयाची होती. रक्ततपासणी नाही, क्ष-किरण नाही. साठ वर्षे मेंदूत शोधलेल्या दोषाचे मोजमाप अखेर शिक्षकाच्या लेखणीने होऊ लागले. यात गैर काही नाही. मुलाला दिवसाचे पाच-सहा तास समवयस्कांमध्ये पाहणारा दुसरा निरीक्षक नसतो. परंतु शिक्षकाने मूल मोजावे ते वर्गाच्या अपेक्षेशी, आणि वर्गाची अपेक्षा ही निसर्गाने ठरविलेली नसते. या विषयातील पुढील प्रत्येक वाद या जोडावरच झाला.

पहिला मोठा वाद १९७० मध्ये झाला. नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात शालेय मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुलांना वर्तन सुधारण्यासाठी औषधे दिली जात असल्याचे वृत्त जूनमध्ये वॉशिंग्टन पोस्टने दिले. आकडा अतिशयोक्त असल्याचे पुढे निष्पन्न झाले, पण तोवर देशभर खळबळ उडाली होती. सप्टेंबरमध्ये संसद सदस्य कॉर्नेलियस गॅलाघर यांच्या समितीपुढे सुनावणी झाली. शाळा औषध घेण्यासाठी पालकांवर दडपण आणतात काय, हा तेथील मुख्य प्रश्न होता. दुसऱ्याच वर्षी ॲम्फेटामिन आणि मेथिलफेनिडेट यांवर कडक नियंत्रण आले. समाजशास्त्रज्ञ पीटर कॉनरॅड यांनी १९७५ मध्ये या साऱ्या प्रक्रियेला सैद्धान्तिक रूप दिले. अनिष्ट वर्तनाला व्याधी ठरविले की समाजाच्या प्रश्नाचे रूपांतर व्यक्तीच्या दोषात होते, आणि वर्ग कसा आहे हे विचारण्याऐवजी मूल कसे आहे एवढेच विचारले जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपचाराची सोय व्याधीच्या संकल्पनेआधी उपलब्ध होती, हे त्यांनी विशेषत्वाने दाखविले.

याच काळात सॅन फ्रान्सिस्कोचे बेंजामिन फाइनगोल्ड यांनी खाद्यपदार्थांतील कृत्रिम रंगांना दोष दिला. पालकांना हा सिद्धान्त फार भावला, कारण त्यात ना मुलाचा दोष होता ना आईबापांचा. नियंत्रित चाचण्यांत त्याला मर्यादितच आधार मिळाला. तरी २००७ मधील साउदॅम्प्टनच्या अभ्यासानंतर युरोपीय संघाने काही रंगांच्या वेष्टनांवर सूचना छापणे २०१० पासून बंधनकारक केले.

१९७८ : विरोधाभासाचा शेवट

'विरोधाभासी परिणाम' हा शब्द चाळीस वर्षे तपासलाच गेला नव्हता. त्यासाठी करावयाचा प्रयोग सोपा होता, पण नैतिकदृष्ट्या अवघड होता. निरोगी मुलांना उत्तेजक देऊन पाहणे आवश्यक होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील जुडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी तो केला. कोणताही वर्तनदोष नसलेल्या १४ मुलग्यांना त्यांनी एकदा डेक्स्ट्रोॲम्फेटामिन आणि एकदा निष्क्रिय गोळी दिली. कोणत्या वेळी काय दिले हे मुलांना वा निरीक्षकांना ठाऊक नव्हते. सायन्स नियतकालिकात १९७८ मध्ये निष्कर्ष आले. निरोगी मुलांचीही हालचाल कमी झाली आणि अवधान सुधारले.

विरोधाभास मुळात नव्हताच. औषध सर्वांवरच सारख्या दिशेने काम करते; म्हणून औषध लागू पडणे हा रोगाचा पुरावा होऊ शकत नाही. चष्म्याने दिसू लागले म्हणून दृष्टिदोष सिद्ध होतो, कारण निर्दोष डोळ्याला तोच चष्मा अडचण करतो. येथे निर्दोष डोळ्यालाही अधिक स्पष्ट दिसत होते. या एका छोट्या प्रयोगाने चार दशकांचा निदानतर्क कोसळला. तरीही 'औषधाने फरक पडला, म्हणजे त्याला तो आजार होता' हे वाक्य अजून ऐकू येते, हे नमूद करणे भाग आहे.

चंचलतेकडून अवधानाकडे

विरोधाभासाचा आधार गेला तरी व्याधी नाहीशी झाली नाही. ती अधिक काटेकोर झाली. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये दाखविले की या मुलांची खरी अडचण पायांत नसून अवधानात आणि आवेग रोखण्यात आहे. त्यामुळे १९६८ मध्ये 'बालपणीची अतिगतिक प्रतिक्रिया' असे नाव असलेला विकार अमेरिकी निदान-संहितेत १९८० मध्ये 'अवधान-न्यूनता विकार' झाला आणि १९८७ मध्ये त्याला आजचे जोडनाव मिळाले. या बदलामुळे धावपळ न करता खिडकीबाहेर पाहत बसणारी मुले, विशेषतः मुली, प्रथमच दृष्टीस पडल्या. निदानाची व्याप्ती वाढली, हेही त्यासोबतच आले.

गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी मॉन्ट्रियलमध्येच अशा मुलांचा प्रौढ वयापर्यंत पाठपुरावा करून १९८६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. वयानुसार मूल सुधारेल, हा दिलासा अनेकांच्या बाबतीत खोटा ठरला. अर्धवट सुटलेले शिक्षण, वारंवार बदललेल्या नोकऱ्या, आत्मविश्वासाची कमतरता यांनी त्यांची पाठ सोडली नव्हती. हा विकार म्हणजे शाळेची सोय एवढेच मानणाऱ्यांना या ग्रंथाचे उत्तर द्यावे लागते. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान आढळला आहे. फिलिप शॉ यांच्या गटाने २००७ मध्ये प्रतिमातंत्राने दाखविले की या मुलांत मेंदूच्या बाह्यपटलाच्या निम्म्या भागाची जाडी सरासरी साडेदहाव्या वर्षी कमाल होते, इतर मुलांत साडेसातव्या वर्षी. वाढीचा क्रम तोच, वेग मंद. 'इजा' या शब्दाच्या जागी 'विलंब' हा शब्द आला. स्टिल यांच्यापासून चालत आलेल्या शोधाला मिळालेले हे उत्तर अंशतःच होकारार्थी आहे, कारण हे फरक गटांच्या सरासरीत दिसतात. एखाद्या मुलाच्या मेंदूचे चित्र पाहून निदान आजही करता येत नाही.

उपचाराबाबत सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. सात ते दहा वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट करून त्यांना चौदा महिने अनुक्रमे काटेकोर औषधोपचार, सधन वर्तनोपचार, दोन्ही एकत्र आणि परिसरात मिळणारा नेहमीचा उपचार देण्यात आला. १९९९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मूळ लक्षणांवर औषध वर्तनोपचारापेक्षा निर्विवाद सरस ठरले आणि औषध पक्षाने विजय साजरा केला. तिसऱ्या वर्षाअखेरचे निष्कर्ष २००७ मध्ये आले, तेव्हा चारही गटांतील फरक मिटला होता. मूळ उपचारयोजना चौदाव्या महिन्यात संपली होती आणि त्यानंतर अनेकांनी उपचार बदलले वा सोडले होते, हे या निष्कर्षाचा अर्थ लावताना ध्यानात घ्यावे लागते. सातत्याने औषध घेतलेल्या मुलांची उंची मात्र सुमारे २ सेंटिमीटरने कमी भरली. पहिल्या बातमीला जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी दुसरीला मिळाली नाही.

जन्ममहिना आणि भारतीय कायदा

शिक्षकाच्या लेखणीने होणाऱ्या मोजमापाचा प्रश्न २०१८ मध्ये एका अनपेक्षित मार्गाने पुन्हा पुढे आला. अमेरिकेतील अनेक राज्यांत १ सप्टेंबर हा शालेय प्रवेशाच्या वयाचा निर्णायक दिवस असतो. ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल त्यामुळे वर्गात सर्वांत लहान ठरते आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेले सर्वांत मोठे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार लाखांहून अधिक मुलांच्या विमा-नोंदी तपासण्यात आल्या. दर दहा हजारांमागे ऑगस्टच्या मुलांत ८५.१ जणांना या विकाराचे निदान झाले होते, सप्टेंबरच्या मुलांत ६३.६ जणांना. हा निर्णायक दिवस नसलेल्या राज्यांत असा फरक आढळला नाही. आनुवंशिकता ऑगस्ट आणि सप्टेंबर यांत भेद करीत नाही. निदान झालेल्या मुलांपैकी काहींचा दोष वर्गमित्रांहून अकरा महिन्यांनी लहान असणे, एवढाच होता.

भारतात मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली व मनोप्रभावी पदार्थ कायद्याच्या कक्षेत येते. त्यामुळे ते सहजासहजी मिळत नाही आणि अमेरिकेसारख्या सरसकट वापराचा प्रश्न येथे त्या स्वरूपात उद्भवलेला नाही. येथील प्रश्न वेगळा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्या यादीत नावानिशी आहेत. अवधान-न्यूनता अतिचंचलता विकाराची स्वतंत्र नोंद नाही. वाचनात अडखळणाऱ्या मुलाच्या सवलतीचा मार्ग कायद्याने आखून दिला आहे. त्याच बाकावर बसलेल्या, वाचता येत असूनही पान संपेपर्यंत टिकू न शकणाऱ्या मुलासाठी तसा नावानिशी मार्ग नाही, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा येतो तो 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' हाच.